नागपूरचा एक धर्मग्राम



खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या सहली नागपूरला येतात, तेव्हा सेमिनरी हिल्स ही टेकडी त्यांच्या कार्यक्रमात बहुधा असतेच. मुले बागेत खेळतात, डबे खातात आणि संध्याकाळी गाडीत बसून परत जातात. पण एखाद्या चौकस मुलाने मध्येच विचारले, "गुरुजी, सेमिनरी म्हणजे काय हो?" तर उत्तर काय द्यायचे? सेमिनरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरू तयार करणारी पाठशाळा. सेंट चार्ल्स या नावाच्या अशा पाठशाळेवरून त्या टेकडीला हे नाव पडले. तीच गोष्ट 'एस. एफ. एस.' या तीन अक्षरांची. सदरमधली ही शाळा कुठे आहे ते नागपुरात कोणीही रिक्षावाला सांगेल. पण ही अक्षरे कोणत्या माणसाच्या नावाची, हे फार थोड्यांना सांगता येईल.

नावे आपल्या तोंडी रुळली. पण ती ज्यांच्यामुळे रुळली ती माणसे मात्र आपल्याला अनोळखीच राहिली. ही माणसे कोण, इथे कशी आली आणि इथलीच कशी झाली, ते आज थोडक्यात सांगायचे आहे.

प्रथम 'धर्मग्राम' हा शब्द समजून घेऊ. इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात, त्याला मराठी कॅथलिक मंडळी धर्मग्राम म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गावाला शीव असते, तशी धर्मग्रामालाही असते. अमुक रस्त्यापासून तमुक नाल्यापर्यंत राहणारा प्रत्येक कॅथलिक माणूस त्या धर्मग्रामाचा घटक. मग तो श्रीमंत असो की गरीब, घरी तमिळ बोलत असो की मराठी. तो कालच राहायला आला असला तरी घटकच. गावाला जसा पाटील, तसा इथे प्रमुख धर्मगुरू. मात्र हे पद वंशपरंपरेने मिळत नाही. बिशप नेमणूक करतो आणि काही वर्षांनी बदली होते. म्हणजे या बाबतीत धर्मगुरूची गत आपल्या शाळामास्तरांसारखीच म्हणा ना! पैशाच्या कारभारात लक्ष घालायला धर्मग्रामातल्या लोकांची एक समिती असते. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख तो बिशप.

आणि गाव म्हटले की कुळकर्ण्याचे दप्तर आलेच. तेही इथे आहे. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने दंडक घातला की, प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद ठेवलीच पाहिजे. पुढे मृत्यूचीही नोंद आली. यातली खुबी पाहा. मुलाचा बाप्तिस्मा, म्हणजे स्नानसंस्कार, ज्या चर्चमध्ये होतो, तिथल्या वहीत त्याचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे लिहितात आणि पुढच्या नोंदींसाठी जागा राखून ठेवतात. मुलगा मोठा होतो, नोकरीसाठी मुंबईला जातो, तिथेच लग्न करतो. मग मुंबईचे चर्च त्या लग्नाची खबर नागपूरला कळवते आणि नागपूरच्या वहीत त्याच्या लहानपणच्या नोंदीपुढे लग्नाची तारीख चढते. माणूस कुठेही गेला, तरी त्याच्या आयुष्याचा एक धागा या वहीत अडकलेला असतो. आपल्या गावातून गेलेल्या किती माणसांचा असा पत्ता आपल्याजवळ आहे? शिक्षक बंधूंनी याचा अवश्य विचार करावा.

आता मूळ गोष्टीकडे वळू. हा धर्मग्राम इथे वसला कसा?

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांचा पराभव झाला. १८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरपासून जवळच, कन्हान नदीच्या काठी, कामठीला छावणी वसवली. तिथे मद्रास फौजेच्या पलटणी राहिल्या. आता छावणी म्हणजे काही नुसते शिपाई नव्हेत. छावणीबरोबर एक सबंध बाजार चालत येतो. स्वयंपाकी येतो, धोबी येतो, खानसामा येतो, बाजा वाजवणारा येतो, त्यांची बायकामुले येतात. मद्रासकडून आलेल्या या लोकांत तमिळ आणि तेलुगू बोलणारे ख्रिस्ती होते. गोऱ्या शिपायांतले कॅथलिक म्हणजे बरेचसे आयरिश. कोणी इंग्रजी बोलणारा, कोणी तमिळ. पण प्रार्थना दोघांची एकाच लॅटिन भाषेत चाले. या लोकांना मुलाच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मरणसमयी धर्मगुरू हवा होता.

तो आला फार लांबून. युरोपात आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सव्हॉय नावाचा प्रदेश आहे. तो आज फ्रान्समध्ये मोडतो. पण फ्रान्सला जोडला गेला १८६० मध्ये. तिथल्या अ‍ॅनसी या गावी पीएर मारी मेर्मिये या धर्मगुरूंनी १८३८ मध्ये धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला आणि त्याला संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव दिले. १८४५ मध्ये या संघाची पहिली तुकडी हिंदुस्थानास निघाली. कार्यक्षेत्र मिळाले विशाखापट्टणमचे. नकाशा काढून पाहा. विशाखापट्टणम समुद्रकाठी आणि कामठी इकडे मध्यभागी. सरळ रेषेत मोजले तरी जवळजवळ सहाशे किलोमीटर; मध्ये डोंगर, जंगल आणि नद्या. रेल्वे नव्हती. तरीही हा सगळा मुलूख एकाच मिशनकडे होता आणि कामठी हे त्याच्या सुरुवातीच्या ठाण्यांपैकी एक होते. ही मंडळी इथे आली ती प्रथम छावणीच्या गरजेने, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास नीट समजतो.

इथे एक खुलासा करतो. १८४५ मध्येच स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास आले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे. पण ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक पंथ वेगळा, त्याची चर्चे वेगळी, धर्मगुरूंची परंपरा वेगळी. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ख्रिस्ती एकच वाटतात. पण वारकरी आणि महानुभाव यांना एकच समजण्यासारखे ते होईल.

तर मग एस. एफ. एस. म्हणजे सेंट फ्रान्सिस द सेल्स. हे कोण? हे १५६७ ते १६२२ या काळात होऊन गेले. ते जिनीव्हाचे बिशप. पण जिनीव्हा तेव्हा प्रॉटेस्टंटांच्या हाती असल्यामुळे राहात अ‍ॅनसीला. तरुणपणी त्यांना एका अशा भागात पाठवले होते की, जिथे लोक त्यांचे प्रवचन ऐकायलाच येत ना. तेव्हा त्यांनी आपले म्हणणे सुट्या कागदांवर लिहून ते घरोघर दारांच्या फटींतून आत सरकवायला सुरुवात केली. स्वभाव अतिशय सौम्य. एका मुक्या-बहिऱ्या माणसाला त्यांनी खुणांच्या भाषेने शिकवले होते. पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना लेखक आणि पत्रकार यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. न पाहिलेल्या माणसाच्या घरात शब्द पोचवण्याचा हा उद्योग आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांना जवळचा वाटला, तर नवल नाही.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरपर्यंत आली. कचेऱ्या वाढल्या, बंगले वाढले, सदर बाजार भरभराटला. १८७० मध्ये सदरला सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा सुरू झाली. मुलींच्या शिक्षणाचे काम अ‍ॅनसीहूनच १८४९ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या सेंट जोसेफ संघाच्या धर्मभगिनींनी अंगावर घेतले. ११ जुलै १८८७ रोजी नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याचा काही भाग, एवढा त्याचा पसारा. पहिले बिशप अलेक्सिस रिकाझ. सदरचे चर्च हे बिशपांचे चर्च, म्हणजे कॅथीड्रल, बनले. त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. रेल्वेत गार्ड, ड्रायव्हर, फिटर म्हणून अँग्लो-इंडियन आणि गोव्याचे लोक आले. पुढे केरळातून परिचारिका आणि शिक्षक आले. छत्तीसगडकडचे, छोटा नागपूरकडचे आदिवासी ख्रिस्ती पोटासाठी आले. आणि इथले मराठी बोलणारे होतेच.

असे हे गाव वसले. त्याची शेती नाही, पांदण नाही, पोळ्याला तोरणाखाली आणायला बैल नाहीत. प्रत्येक जण कामासाठी आलेला. म्हणूनच आपल्याकडचा माणूस विचारतो, "काहो, हे लोक इथचेच हायेत का?" प्रश्न साधा आहे, पण तो चार पिढ्या इथे काढलेल्या माणसाला वारंवार विचारला, म्हणजे बोचतो. मी उलट विचारतो, नागपुरात मूळचा कोण? भोसले आले साताऱ्याकडून. कोष्टी, तेली, मारवाडी, बंगाली, सिंधी, सगळे कधी ना कधी कशासाठी तरी आले. एकाचे येणे जुने म्हणून तो इथला आणि दुसऱ्याचे नवे म्हणून तो परका, हा हिशेब शहराला लागू पडत नाही.

पण या गावातही सगळे काही समान होते असे नाही. साहेबी कपड्यातली इंग्रजी बोलणारी मंडळी आणि घरकाम, झाडलोट करणारी मंडळी एकाच चर्चमध्ये गुडघे टेकीत. पण चर्चबाहेर पडल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होत. इंग्रजी शाळेचा लाभ आधी कोणाला मिळाला, हेही उघड आहे. आपल्या समाजातली उंची आणि बुटकी घरे बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात सारखी झाली नाहीत. धर्मग्रामाचा खरा इतिहास सांगायचा तर ही बाजूही सांगितली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर कसोटीचा काळ आला. १९५१ मध्ये युजीन डिसोझा बिशप झाले. त्यांच्याआधीचे बिशप परदेशी होते. १९५३ मध्ये नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि डिसोझा पहिले आर्चबिशप झाले. १९५४ मध्ये त्यावेळच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समितीने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या, लांबलचक प्रश्नावली काढली. १९५६ मध्ये अहवाल निघाला. परदेशी पैसा आणि आमिषाने होणारी धर्मांतरे यांवर त्याने कडक टीका केली. ख्रिस्ती मंडळींचे म्हणणे असे की, काही ठिकाणच्या तक्रारींचा डाग साऱ्या समाजाला लावला गेला. त्यांच्यापैकी काहींनी उच्च न्यायालयात दादही मागितली. पण तिथे यश आले नाही. त्या वादात आज शिरायचे नाही. एवढेच सांगतो की, ज्या माणसाचा पणजा कामठीच्या छावणीत आला, ज्याचा बाप रेल्वेत घाम गाळून गेला, त्याला पहिल्यांदाच आपण कोण आहोत याचे उत्तर सरकारी कागदावर द्यावे लागत होते.

आणि योगायोग पाहा. त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. माणसाने कोणत्या धर्माने जगावे हा त्याचा स्वतःचा निर्णय, ही गोष्ट या शहराने त्या दिवशी फार मोठ्या आवाजात ऐकली. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाचा गाभाही हाच आहे.

पण कागदावरच्या नोंदीला किंमत पडते, हे विसरू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र त्या अजून मिळत नाहीत. एकाच वस्तीतले दोन चुलतभाऊ. गरिबी सारखी, घरे सारखी, पण चर्चच्या वहीतल्या एका ओळीने दोघांची सरकारदरबारची वाट वेगळी होते. हे योग्य की अयोग्य, यावर न्यायालयांत आणि आयोगांपुढे पुष्कळ वाद झाला आहे. आपण शिक्षकांनी निदान हे माहीत असू द्यावे. कारण असा मुलगा आपल्या वर्गात बसलेला असतो आणि फॉर्म भरताना तो गप्प होतो.

आता भाषेविषयी. माझ्या मते माणूस एखाद्या ठिकाणचा झाला की नाही, हे तो कोणत्या भाषेत देवाला हाक मारतो यावरून कळते. शेकडो वर्षे कॅथलिकांची मुख्य उपासना, जिला मिस्सा म्हणतात, ती लॅटिन भाषेत होत असे. सदरला तीच आणि रोमलाही तीच. भाविकाला अर्थ कळो न कळो, तो भक्तिभावाने उभा राही. आपल्याकडे नाही का, संस्कृत मंत्र न कळताही यजमान हात जोडून बसतो! १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. नागपूरहून १९६३ मध्ये भोपाळला आर्चबिशप म्हणून गेलेले युजीन डिसोझा या परिषदेत निर्भीडपणे बोलले होते. ४ डिसेंबर १९६३ च्या ठरावाने लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. आज नागपुरात रविवारची उपासना इंग्रजीत होते, हिंदीत होते, मराठीत होते. केरळच्या मंडळींची मलयाळममध्येही होते. चर्चमध्ये पेटी आणि तबला वाजू लागला.

मराठीला हे काही अगदी नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. १९०३ मध्ये त्यावेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून जर्मन धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. म्हणजे कॅथलिक आणि मराठी यांचे नाते चारशे वर्षांचे आहे. नागपूरची अडचण एवढीच की, इथला धर्मग्राम अनेक भाषांचा. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि प्रार्थनेत चौथी. या भाषांच्या गर्दीत मराठीची जागा किती, याचा विचार तिथली मंडळी करतात, आपणही करावा. त्यांच्याशी मराठीत बोलायची सुरुवात कोणी करायची? आपण त्यांना पाहताच इंग्रजी किंवा हिंदी सुरू करतो. मग ते मराठीपासून दूर आहेत म्हणायचे, हे काही खरे नव्हे.

या गावाचे वर्षही आपल्यापेक्षा फार निराळे नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला आरंभ होतो. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि मग ईस्टर. २४ जानेवारीला संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण. डिसेंबरात नाताळ. आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी थडगी धुऊनपुसून त्यांवर फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. आपण सर्वपित्रीला पान वाढतो, त्यामागची ओढ हीच नाही का?

घर वाढले की वाटण्या होतात, तसे या धर्मप्रांताचेही झाले. १९५५ मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. १९६२ मध्ये चांद्याकडचे काम केरळच्या सिरो-मलबार परंपरेच्या मंडळींकडे गेले. १९७७ मध्ये औरंगाबादचा धर्मप्रांत झाला. माणसे मात्र थोडीच आहेत. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लक्ष ८० हजार, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. त्यातही नागपूरची तरुण मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी जातात. मागे म्हातारी माणसे राहतात. ज्यांनी कामठीच्या, रेल्वेच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकल्या, ते गेले की त्या गोष्टीही जातील. वहीत तारखा राहतील. पण त्या तारखांमधला माणूस कसा हसत होता, कोणत्या कामाला जात होता, दुष्काळात कोणी त्याला पसाभर ज्वारी दिली, हे काही वहीत लिहिलेले नसते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेत आपण गावाचा इतिहास लिहवून घेतो. त्यात देऊळ येते, मशीद येते, किल्ला येतो. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी एखादे चर्च असेल, एखादी ख्रिस्ती वस्ती असेल, तर तिलाही त्यात जागा द्या. दोन मुलांना तिथल्या सर्वांत वृद्ध माणसाकडे पाठवा. तीन प्रश्न पुरेत: तुमचे घराणे इथे केव्हा आले, कोणत्या कामासाठी आले आणि इथे आल्यावर पहिला शेजारी कोण मिळाला? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. लिहिलेला कागद त्यांना वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष जपा. कारण बाहेरून आलेला माणूस ज्या दिवशी पहिला शेजारी जोडतो, त्या दिवसापासून तो त्या गावचा होतो; आणि तो शेजारी बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी आजा असतो.